आईचे पोपट

टोरांटोच्या फॅशन शोमध्ये ऊर्मीच्या कलेक्शनला पहिलं बक्षीस मिळालं. प्रत्येक गाऊनवर जांभळ्या पानांत लाल पोपट बसले होते. “सो डेअरिंग! हे रंग सुचले कुठून?” परीक्षकांनी विचारलं. “आईच्या रांगोळीतून,” ऊर्मी अभिमानाने म्हणाली. साताऱ्याहून आई रोज दारातल्या रांगोळीचा फोटो पाठवायची. वर्षभरात तिचे रंग बदलत गेले. ऊर्मी हरखून ते तसेच कापडावर उतरवत गेली. बक्षिसाचं सांगायला तिने घरी फोन लावला. बाबा म्हणाले, “काल आईचे डोळे तपासले गं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही म्हणे. कधीची अंदाजानेच रंग भरत होती. तुझं काम अडेल म्हणून बोलली नाही.” तेवढ्यात आईने फोन घेतला. “ऊर्मे, खरं सांग, माझे पोपट हिरवेगार दिसले ना?” समोर गाऊनवरचे पोपट लालभडक झळकत होते. “हो आई, हिरवेगार.”