आधी घरची चौकशी

भोईवाड्यातल्या दर्शनाची मेसेज लिहायची एक रीत होती: आधी घरच्यांची विचारपूस, काम अगदी शेवटच्या ओळीत. लोअर परळच्या एका कंपनीतल्या फ्लॉरेन्स मॅडमना तिने वर्षभर असंच लिहिलं, त्यांच्या सांधेदुखीवर लेपसुद्धा सुचवला, आणि नोकरीचा शब्द काढला तो बाराव्या महिन्यात. मॅडमनी तिला बोलावूनच घेतलं.

"अगं, तुझ्यासारखं गोड लिहिणारं माणूसच हवं होतं मला! एकशे चाळीस जणांना काढायचंय. कुणी बोंब मारता कामा नये."

नाही म्हणायची सोय नव्हती; घरात मिळवती दर्शना एकटीच. तिने एकेकाची माहिती काढली. कुणाला पोराची दहावी विचारली, कुणाला बायकोचं बाळंतपण, आणि शेवटच्या ओळीत हळूच नारळ दिला. बोंब सोडाच, लालबागच्या जयवंतने तर उलट लिहिलं, "ताई, एवढ्या आपुलकीने कुणी विचारलं नव्हतं हो!"

एकशे चाळिसावा मेसेज गेला त्या दुपारी तिने हुश्श करून डबा उघडला, तोच फोन वाजला. कामापलीकडे कधी एक अक्षर न लिहिणाऱ्या मॅडमचा मेसेज होता.



"दर्शना बाळा, आईचे गुडघे कसे आहेत गं आता?"