पायाखालची माणसं

दोन पुराणांतल्या देवांची झुंज दाखवणारी ती कॉमिक मालिका अकरा वर्षं चालू होती. संपादकांनी नव्या पानावरचे ठोसे बोटाने मोजले आणि नाक मुरडलं. "आपल्या वीजदेवाला तीन बसलेत, त्यांच्या समुद्रदेवाला दोनच. एक वाढवा. नाहीतर आपले वाचक पत्रं पाठवून माझा जीव खातील."

"आणि दोघांच्या पायाखाली चिरडलेली ही माणसं?" चित्रकाराने विचारलं. "ती कोणी मोजायची?"

"त्यांची पत्रं येतात का कधी?"

चित्रकाराला त्या माणसाची किळस आली. तणतणतच तो टेबलाशी परतला, समुद्रदेवाच्या जबड्यावर एक ठोसा चढवला आणि पानाचा तळ भरायला खणातून पिवळा पडलेला ट्रेसिंग पेपर काढला. चिरडलेली गर्दी दर महिन्याला नव्याने कोण काढत बसणार? पहिल्या अंकाच्या घाईत हाताशी होता तो घरचा ग्रुप फोटो त्याने गिरवला होता, आणि तेव्हापासून तोच कागद चालवून घेतला होता.

आज त्याने ते चेहरे नीट पाहिले. जाड चष्म्यातली आई. टक्कल पडलेला मोठा भाऊ. लेकीला कडेवर घेतलेली बहीण. अकरा वर्षं तो त्यांना देवांच्या टाचांखाली घालत आला होता.

घरी प्रत्येक अंक हातोहात फिरायचा. स्वतःला एकानेही ओळखलं नव्हतं. आईचा तेवढा दर महिन्याला न चुकता फोन यायचा, "आपलाच देव जिंकतोय ना रे?"