खरमासातली मागणी

पहिला ठोसा बसला तेव्हा ध्रुव तिळाच्या गजकाचा डबा समरजीतच्याच हातात देत होता. डबा पायरीवर पडला, चष्मा तुळशीपाशी, आणि ध्रुव दोन्हींच्या मधोमध.

बड्या दिनाची, नाताळची सुटी होती. शिंदे की छावनी मोहल्ल्यात धुकं नुकतंच विरलं होतं आणि जयसिंहराव अंगणात उन्हाला खुर्ची टाकून मटार सोलत बसले होते. पूर्वज फौजेत होते, ते स्वतः सिंचन खात्यात. मुलाचा, समरजीतचा, हात सुटला तशी त्यांनी दाण्यांची परात जरा बाजूला ओढली. भाजीत शिंतोडे नकोत.

पडलाच होता, म्हणून ध्रुव एका गुडघ्यावर सावरला आणि त्यानं खिशातून अंगठीची डबी काढली. पुण्याहून निघताना त्यानं सगळं असंच ठरवलं होतं. नाकातून रक्त येणं तेवढं त्यात नव्हतं.

"शिखा," ओट्यावर उभ्या असलेल्या मुलीला तो म्हणाला, "लग्न करशील माझ्याशी?"

"पहले खडा तो हो," तिचा भाऊ समरजीत म्हणाला, आणि ध्रुव उभा राहायच्या आत त्याच्या बरगडीत लाथ घातली. समरजीतची जिम आहे, तो मोजून मारतो. "पंडितजींच्या घरचा ना तू? मग सत्यनारायण सांगायला ये. बहीण मागायला कशाला आलास?"

"अहो, खरमास चालू आहे," शालिनीताई दारातून म्हणाल्या. "संक्रांतीपर्यंत असलं काही करत नाहीत."

जयसिंहराव उठले, बायकोच्या उजव्या बाजूला गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "शुभकार्य करत नाहीत. याला बंदी नाही."

शालिनीताईंना डाव्या कानानं ऐकू येत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तो कान गेला. थंडी बसली, असं घरात सांगतात. जयसिंहराव उजव्या हाताचे आहेत.

आणखी दोन लाथा झाल्या. ध्रुवनं दोन्ही हातांनी डबी छातीशी धरली होती. हात वर गेला नाही.

"थांब रे समर," जयसिंहराव पुन्हा खुर्चीत बसत म्हणाले. "हा तर उलटून हातच उचलत नाही. याला मुलगी कशी द्यायची? उद्या हिची कोणी छेड काढली, तर हा काय त्याला डबी दाखवणार?"

"तो हात उचलत नाही, आबा," शिखा म्हणाली. "म्हणूनच मला तो हवाय."

जयसिंहरावांनी एक शेंग सोलली. किडकी निघाली, ती फेकून दिली.

"ऐक मुला," ते ध्रुवला म्हणाले. "समर हात मागे बांधून उभा राहील. तू त्याला एक ठोसा मारायचा. नीट बसला, तर संक्रांत झाली की साखरपुडा. नाही मारलास, तर पुण्याला दुपारची गाडी आहे."

"काका, मला नाही जमायचं."

"कोणालाच जमत नाही. सवय करावी लागते. आटप, मटार संपत आलेत."

ध्रुवनं शिखाकडे पाहिलं. ती मानेनं नको म्हणत होती. चष्मा नसल्यामुळे त्याला ते दिसलं नसावं. त्यानं डबी डाव्या हातात घेतली, डोळे मिटले आणि मारलं.

ठोसा जबड्यावर बसला. समरजीत मटकन खाली बसला आणि थुंकला, तर त्यात दात होता. तरीही हात त्यानं मागेच धरले होते. वडिलांनी सांगितलं होतं ना.

"ठीक है यार," तो तोंड पुसायला खांदा वापरत म्हणाला. "हो गया."

ध्रुव स्वतःच्या मुठीकडे बघत होता. बोटांची सालटी निघाली होती. चेहरा मात्र पहिला पगार हातात पडल्यासारखा झाला होता. त्यानं डबी खिशात कोंबली, समरजीतच्या स्वेटरचा गळा धरला, त्याला अर्धा उचलला आणि पुन्हा मारलं. या वेळी डोळे उघडे होते.

नाकाचं हाड मोडल्याचा आवाज ओट्यापर्यंत आला.

"शाब्बास, जावईबापू," जयसिंहराव म्हणाले, आणि सोललेल्या मटारांवर फडकं टाकून उठले.

शिखा ओट्यावरून मागे, दारापाशी सरली. आईच्या डाव्या बाजूला येऊन थांबली आणि दोन्ही हात तिनं शालीत घेतले.

"पहिला आबांनी सांगितला होता," ती हळूच म्हणाली. "दुसरा कोणी सांगितला?"

ध्रुवनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मूठ उघडायची राहिली.

शालिनीताईंनी वळून लेकीकडे पाहिलं. मग अंगणात उतरून त्यांनी पदराचं टोक समरजीतच्या नाकाला लावलं, तुळशीपाशी पडलेला चष्मा उचलला, पदराच्या कोरड्या टोकानं पुसला आणि ध्रुवसमोर धरला.

"दुपारची गाडी आहे ना तुझी?" त्या म्हणाल्या. "कोहरा पुन्हा पडायच्या आत निघ."

जयसिंहराव चटकन त्यांच्या उजव्या बाजूला आले.

"तबक आणा. जावयाला ओवाळायचंय."

शालिनीताईंना ऐकू आलं नाही.