गणितात पस्तीस

दहावी झाली की इस्पितळात चादरी धुणाऱ्या मावशींची नोकरी कायम होणार होती आणि कायम नोकरीवालीच्या नवऱ्याचा गुडघा तिथेच फुकट बदलून मिळणार होता. एवढ्या हिशेबावर बावन्नाव्या वर्षी मावशी चादरी पिळता पिळता पाढे म्हणू लागल्या. गणितात दोनदा आपटल्या. तिसऱ्यांदा पस्तीस पडले तेव्हा नवरा हसला, "काठावर वाचलीस गं! एक कमी पडला असता तर?"

"तर तुम्ही लंगडत बसला असता."

ऑपरेशन झालं. घरी सोडताना खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "काका, बिल कोण भरणार?"

नवऱ्याने वॉकर घट्ट धरला आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असं सांगितलं, "भरलंय की! हिच्या गणितातल्या पस्तीस मार्कांनी."