बुरशीची भिंत

भूकंपात नवरा गेला, तरी सून रडत बसली नाही. मैदानात बेघरांसाठी निवारे उभारायच्या कामाला लागली. त्यांच्या भिंती तिनेच घडवलेल्या. भुशात बुरशी वाढवून केलेल्या, हलक्या आणि जिवंत. पाणी शिंपडत राहिलं की बारीक चीर आपोआप भरून यायची. एका दुपारी ती परतली, तर सासूबाई स्वतःच्याच निवाऱ्याच्या भिंतीवर फिनेल ओतत होत्या.

"आई, काय करताय? मरेल ती!"

"मरू दे. माझा मुलगा गेला आणि तुझी भिंत तेवढी जगणार होय?"

शेजारपाजारचे दारात जमले. सून खाली मान घालून फडक्याने फिनेल टिपू लागली. सासूबाईंनी फडकं हिसकावून घेतलं.

"ही भिंत अंगावर पडली तरी माणूस मरत नाही, असं सगळ्यांना सांगत फिरतेस. मग माझा मुलगा सिमेंटच्या स्लॅबखाली का झोपला होता? घरच्या माणसालाच वाऱ्यावर सोडलंस?"

सुनेने पदराने भिंत पुसायला घेतली.

"तोंड शिवलंय का तुझं?" सासूबाई किंचाळल्या. "सांग की या सगळ्यांना! तू आपलं घर असंच बांधणार होतीस, आणि बुरशीच्या घरात माझा मुलगा राहणार नाही म्हणून मीच अडून बसले होते. एकदा तरी बोल ना माझ्या तोंडावर!"