रक्त शोधायच्या चार जागा

उजव्या बरगडीखाली

"हलू नको," डॉ. गजाला म्हणाली आणि रूपाच्या पोटावर थंडगार जेल ओतलं.

रूपाला सातवा महिना होता. ती आणि तिची सासू केसरबाई तपासणीसाठी फुलंब्रीहून रिक्षानं शहरात येत होत्या. हर्सूलच्या अलीकडे रिक्षा उलटली. अपघात विभागात सासूनंच सुनेला धरून चालवत आणलं होतं.

"तुम्हाला लागलं का?" गजालानं दारातच विचारलं होतं.

"मला काय होतंय? हिला बघा आधी. दोन जिवाची हाय."

आधी मशीन, मग बाकी सगळं. हा गजालाचा नियम होता. गेल्या वर्षी एका धडधाकट दिसणाऱ्या माणसाला तिनं सोनोग्राफीसाठी खालच्या मजल्यावर पाठवलं होतं. तो लिफ्टमध्येच गेला. अंगावर ओरखडा नव्हता, पोट रक्तानं भरलेलं होतं. त्याच्या बायकोकडे तिला वर मान करून बघता आलं नाही. तेव्हापासून हे लहान मशीन खाटेपाशीच असायचं.

रक्त पडद्यावर काळं दिसतं. यकृताखाली काळं काही नव्हतं.

हृदय

चांगलं चाललं होतं. काळं नाही.

केसरबाई हळूहळू सरकत मशीनजवळ आली होती. पडद्याकडे टक लावून बघत होती.

"बाई, तिकडं उभ्या राहा."

"व्हय व्हय." ती दोन पावलं मागे गेली. पुन्हा दीड पाऊल पुढे आली.

डाव्या बरगडीखाली

"डाक्टरीणबाई," केसरबाई अगदी खालच्या आवाजात म्हणाली. पदर तिनं कमरेशी घट्ट आवळून धरला होता. "एक इचारायचं होतं. त्या मशीनीचं. जरा बाजूला येता? लोकं हायेत इथं."

बाजूला घेऊन काय विचारतात, हे गजालाला चार वर्षांत पाठ झालं होतं.

"भिंतीवरचा तो बोर्ड वाचता येतो?"

"न्हाय बाई."

"मग मी वाचते. इथं मुलगा की मुलगी सांगत नाहीत! सून मरता मरता वाचलीय आणि तुम्हाला नातवाची पडलीय? लाज नाही वाटत?"

सगळा वॉर्ड वळून बघू लागला. शेजारच्या खाटेवरचे आप्पासाहेब प्लास्टरातला पाय सावरत हसले. "म्हातारीला लई घाई झालीय."

केसरबाईचा चेहरा घामानं डबडबला. "तसं न्हाय वो, मी—"

"लीलाबाई, यांना बाहेर बसवा."

आया लीलाबाईनं तिला दंडाला धरून नेलं. जाताना केसरबाई वाकून चालत होती. कुणाकडे बघत नव्हती.

रूपानं तोंड भिंतीकडे फिरवलं. "आत्याबाई तशा नाहीत, मॅडम. पहिली मुलगी झाली तेव्हा गल्लीभर पेढे वाटले त्यांनी."

"सगळ्या सुना असंच म्हणतात," गजाला म्हणाली. पण कान तापले होते.

प्लीहेजवळ काळं काही नव्हतं.

ओटीपोट

काही नाही. इथंही काही नाही. मग ठोके. एकशे शेहेचाळीस.

गजालानं आवाज वाढवला. घोडा दौडावा तसे ठोके खोलीभर ऐकू आले. रूपा रडायलाच लागली.

"रडतेस काय? तुझं बाळ तुझ्यापेक्षा निवांत आहे."

गजालानं जेल पुसलं. उगाच दोनदा पुसलं. आपण जास्तच बोललो. आपल्या अम्मीच्या वयाची बाई, आणि चारचौघांत. माफी कशी मागायची असते, तेही नीट सुचेना.

"लीलाबाई, त्यांना आत बोलवा. म्हणावं, नातवंडाचे ठोके ऐकवते."

लीलाबाई दाराबाहेर गेली.

"नशीब काढलंस," गजाला रूपाला म्हणाली. "रिक्षा उलटली आणि तुला साधं खरचटलंही नाही."

बाहेरून लीलाबाईचा आवाज आला. "अहो केसरबाई, उठा. मॅडम बोलावतायत." मग पुन्हा, मोठ्यानं. "केसरबाई! अहो!"

"मी रस्त्याला टेकलेच कुठं, मॅडम?" रूपा म्हणाली. "आत्याबाईंनी मला कवेत घट्ट धरलं अन् त्या खाली आल्या. मी सगळी त्यांच्या पोटावर पडले."