जलपूजन

संस्थेने बांधलेल्या कोरड्या बंधाऱ्यात टँकर रिकामा होताना पाहून कौतिकबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उन्हाळाभर बायांनी टँकरसाठी संस्थेच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा म्हणे रस्ता खराब होता. आज सोमवारी संस्थेच्या साहेबांना जलपूजनाचा फोटो हवा होता, तर मेला कसा धावत आला!

बायांना मिरवणुकीसाठी हंडे घेऊन बोलावलं होतं. मांडवात साहेब माईकला चिकटले, "शाश्वत विकासामुळे हे गाव स्वतःच्या पायांवर उभं आहे..." कौतिकबाईने पदर खोचला आणि बायांना खुणावलं.

भाषण संपवून साहेब नारळ घेऊन काठावर आले, तर तळाशी नुसता चिखल. भरलेले हंडे गावाकडे निघाले होते.

"अहो बाई, आता पूजा कशाची करू?"

"विकास घरोघरी पोचला, साहेब," कौतिकबाई हंडा सावरत म्हणाली. "दर सोमवारी करत जा की असा!"